गावात बसून आकाशासाठी चपटा अँटेना: पॅच डिझाइनची सगळी प्रोसेस, नवीन लोकांसाठी

यवतमाळ, बुलढाणा, वर्ध्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांचे मेसेज येतच असतात, की भाऊ रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीसाठी पॅच अँटेना (मोठ्या पत्र्यासमोर बसवलेला चपटा धातूचा तुकडा) करायचाय, व्हिडिओ पाहून केला, एसअकरा (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) मस्त येऊन राहिला पण आकाशातून काहीच दिसत नाही. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं इथं लिहून ठेवतो. कॉलेजात जे अँटेना डिझाइन शिकवतात ते वायफाय नाहीतर मोबाईल डोक्यात ठेवून शिकवतात, आणि खरी गडबड तिथंच आहे. तिकडं सिग्नल तगडा असतो, थोडा वाया गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. आकाशाचा सिग्नल म्हणजे थ्रेशर चालू असताना पलीकडच्या धुऱ्यावरची कुजबुज. त्यामुळे अँटेना किती सिग्नल घेतो यापेक्षा तो स्वतः किती गरम गोंगाट करतो हे आधी बघायचं. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती फिरते.

## १. आधी फ्रिक्वेन्सी पक्की करा

नवीन असाल तर डोळे झाकून १४२०.४०६ मेगाहर्ट्झ घ्या. ही हायड्रोजनची रेषा, तरंगलांबी २१.१ सेंमी. डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन दे हुल्स्टनं १९४४ मध्ये ती सापडेल असं सांगितलं आणि १९५१ मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी खिडकीबाहेर हॉर्न अँटेना लावून ती पकडली. आपल्यासाठी फायदा असा की १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीसाठी राखीव आहे, त्यात कोणी ट्रान्समिट करायचं नसतं. शिवाय या फ्रिक्वेन्सीला मिलिमीटरची चूक खपते, म्हणजे कानस आणि हॅकसॉवर काम भागतं. मिलिमीटर तरंगांच्या इमेजिंग डिटेक्टरवाले (आकाशाचा फोटो काढणारे) चपटे अँटेना १०० गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वर असतात, तिथं मायक्रॉनचा खेळ, त्याचं शेवटी बोलू.

## २. सामान आणि कागदपत्रं

सामान:
- तांब्याचा नाहीतर पितळेचा पत्रा, अर्धा मिमी जाडीचा. तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात विचारा, मागच्या बाजूला पत्रे असतात, किलोवर देतात.
- ग्राउंडसाठी (पॅचच्या खालची मोठी पाटी) २०० × २०० मिमीचा तांब्या-पितळेचा किंवा जीआयचा पत्रा. अॅल्युमिनियम घेऊ नका, त्याला साधा सोल्डर धरत नाही.
- ५ मिमीचे नायलॉन स्पेसर आणि नायलॉनचेच स्क्रू, मधोमध लावायला एक पितळी बोल्ट.
- एन टाइप किंवा एसएमए चेसिस कनेक्टर.
- नॅनोव्हीएनए (एसअकरा मोजायचं छोटं यंत्र), १.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं एच-फोर मॉडेल पुरतं.
- १४२० चा फिल्टर आतच असलेला एलएनए (कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर), आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर).
- वॉटचा विचार करून घेतलेली सोल्डरिंग गन. २५ वॉटची काडी इथं कामाची नाही.

कागदपत्रं फार नाहीत. सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीसाठी कॉलेजची ईमेल आयडी, कॉलेजच्या लॅबमध्ये काही मोजायचं असेल तर बोनाफाईड आणि एचओडीच्या सहीचं पत्र. बाहेरच्या देशातून काही मागवलं तर कुरिअरवाले कस्टमसाठी केवायसी मागतात, आधार-पॅनच्या कॉप्या तयार ठेवा नाहीतर पार्सल तिकडंच अडकून पडतं. आणि ज्या मटेरियलवर डिझाइन करणार त्याची डेटाशीट डाउनलोड करून ठेवा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

## ३. एफआर-फोरचा मोह टाळा

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिरवा पीसीबी, म्हणजे एफआर-फोर, स्वस्त आणि कुठंही मिळणारा. पण त्याचा लॉस टँजंट (मटेरियल किती पॉवर जाळतं त्याचा आकडा) साधारण ०.०२ असतो. म्हणजे डायइलेक्ट्रिकचा (मधल्या मटेरियलचा) क्यू, लॉसचा उलटा आकडा, ५० च्या आसपास. १.६ मिमी जाडीच्या बोर्डावर १४२० ला पॅच केला तर रेडिएशनचा क्यू १०० च्या आसपास येतो. दोन क्यू समोरासमोर ठेवले की ज्याचा क्यू कमी तो जास्त पॉवर खातो, म्हणजे आकाशातून आलेल्यातला अर्ध्याहून जास्त भाग बोर्डातच जिरला. इथपर्यंत ठीक, अर्धा तर अर्धा, असं वाटतं. पण जे मटेरियल शोषतं ते स्वतःच्या तापमानाला तेवढंच उत्सर्जनही करतं, म्हणून गोंगाट केल्विनमध्येच मोजतात. आपल्याकडं मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर ठेवलेला बोर्ड म्हणजे सहज ३१८ केल्विन. त्याचे अर्धे धरले तरी १६० केल्विनचा गोंगाट एकट्या बोर्डानं टाकला. आणि आकाश? आकाशगंगेपासून बाजूला बघितलं तर या फ्रिक्वेन्सीला १० केल्विनच्याही आत.

आता यातली चकवणारी गोष्ट. लॉसवाल्या बोर्डावर एसअकरा उलट छान दिसतो, रुंद आणि खोल. कारण परत न येणारी पॉवर रेडिएट झाली की जळाली हे एसअकराला कळतच नाही. ५० ओहमचा डमी लोड (नुसता रेझिस्टर) जोडा, त्याचाही एसअकरा उणे ३० येतो, म्हणून तो काही अँटेना नव्हे.

दुसरा त्रास म्हणजे एफआर-फोरची परमिटिव्हिटी (मटेरियल लाटेला किती आखूड करतं त्याचा आकडा) बॅचनुसार ४.२ ते ४.६ मध्ये कुठंही असते. ४.४ धरून डिझाइन केलं आणि हातात ४.६ वाला बोर्ड आला तर फ्रिक्वेन्सी ३० मेगाहर्ट्झनं खाली सरकते, कोपऱ्यातल्या दुकानातून परत तसाच बोर्ड मिळेल याची गॅरंटी नाही.

महागडे बोर्ड आहेत, रॉजर्सचा ४००३सी घ्या (लॉस टँजंट ०.००२७) किंवा ५८८० घ्या (०.०००९), पण खेड्यात बसून पहिल्याच अँटेनासाठी एवढा खर्च कशाला. हवा फुकट आहे आणि तिचा लॉस शून्य धरला तरी चालतो. म्हणून ग्राउंडच्या वर ५ मिमी अंतरावर तरंगता पत्रा, हाच आपला पॅच.

## ४. मापं काढा

फॉर्म्युले कोणत्याही अँटेनाच्या पुस्तकात आहेत, मी उत्तरं आणि ती कुठून आली एवढं सांगतो.

अर्धी तरंगलांबी १०५.५ मिमी. हवेसाठी रुंदी तेवढीच, १०५.५ मिमी. लांबी मात्र अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी येते, कारण दोन्ही कडांवर फील्ड बाहेर फुगतं आणि पॅच विजेच्या दृष्टीनं आहे त्यापेक्षा लांब वागतो. ५ मिमी उंचीला प्रत्येक कडेला ही वाढ ३.५ मिमी येते, म्हणून १०५.५ वजा ७ म्हणजे ९८.५ मिमी.

(ताळा करायला एफआर-फोर १.६ मिमीचीही मापं: रुंदी ६४.२, लांबी ५०.१. तुमच्या कॅल्क्युलेटरचं उत्तर याच्या जवळ नसेल तर युनिटमध्ये घोळ आहे.)

फीडची (कनेक्टरची पिन पॅचला जोडायची) जागा: पॅचच्या कडेला रेझिस्टन्स जास्त, २०० ओहमच्या आसपास, आणि मधोमध शून्य. लांबीच्या दिशेनं कोसाइनच्या वर्गानं तो कमी होत जातो. ५० ओहमचा पॉइंट हिशोबानं कडेपासून एक तृतीयांशावर येतो, पण तिथं भोक पाडू नका. ५ मिमी उंच पिनला स्वतःचा इंडक्टन्स असतो, १.३ मिमीच्या पिनला ३५ ओहमच्या आसपास रिअॅक्टन्स भरतो. तो मारायला पॅच त्याच्या रेझोनन्सच्या किंचित वर चालवावा लागतो, मग तिथं पॅच कपॅसिटिव्ह होतो आणि हिशोब जुळतो. म्हणून फीड थोडं कडेकडं घ्या, कडेपासून २८ मिमी आत. यामुळे मॅचची दरी (एसअकराचा आलेख जिथं खोल जातो ती फ्रिक्वेन्सी) फॉर्म्युल्यापेक्षा वर सरकते, त्यासाठी पत्रा १०३ मिमी लांब कापा, वाढीव घासून काढता येतो, कमी पडलेला जोडता येत नाही.

## ५. सिम्युलेशन करा, पण डोळे उघडे ठेवून

ओपनईएमएस फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. सीएसटी आणि अॅन्सिसच्या विद्यार्थी आवृत्त्याही आहेत, त्यांना मेशची मर्यादा असते पण एका पॅचला पुरतं. निव्वळ थरांचे, चपटे स्ट्रक्चर असतील तर सॉनेट लाइटही बघा. नेट नसताना काम करायचं असेल तर ओपनईएमएसच घ्या.

सेटिंग: पॅचपासून चारी बाजूंनी पाव तरंगलांबी, म्हणजे ५३ मिमी मोकळी जागा आणि मग शोषणारी बाउंडरी. मेशचा (सॉफ्टवेअर जागेचे जे डबे पाडतं त्या जाळीचा) मोठ्यात मोठा डबा तरंगलांबीच्या विसाव्या भागाएवढा, १० मिमी. पण पॅच आणि ग्राउंडमधल्या ५ मिमीत चार-पाच डबे तरी हवेत. धातूच्या कडेवर मेशची रेघ बरोबर कडेवर ठेवू नका, डब्याचा एक तृतीयांश धातूच्या आत आणि दोन तृतीयांश बाहेर जाईल असं ठेवा, नाहीतर फ्रिक्वेन्सी सरकलेली दिसते.

सापळे तीन आहेत. पहिला, मटेरियल टाकताना लॉस टँजंट टाकायचाच राहतो, मग एफिशियन्सी १०० टक्के येते आणि माणूस खुश होऊन बसतो. दुसरा, ग्राउंड अनंत पसरलेला घेतला की मागचा लोब (मागच्या बाजूनं येणारा सिग्नल) गायबच होतो आणि जमिनीचा गोंगाट किती येणार ते कळत नाही. तिसरा, एनर्जी पूर्ण विझायच्या आत सिम्युलेशन थांबवलं तर एसअकरामध्ये खोटे वळवळ दिसतात.

## ६. कापा आणि जोडा

पत्रा कापून आधी लाकडी पाटावर ठोकून सपाट करा. ५ मिमीच्या जागी एका कोपऱ्यात ६ मिमी झाला तर सगळं हलतं. चार कोपऱ्यात नायलॉनचे स्पेसर. बरोबर मध्यभागी पितळी बोल्ट ग्राउंडपर्यंत घेऊ शकता, तिथं फील्ड शून्य असल्यानं काही बिघडत नाही, उलट पावसाळ्यात ढगांमुळे साठणारा स्टॅटिक चार्ज जमिनीत जातो. पण एक लक्षात ठेवा, या बोल्टमुळे डीसीला अँटेना शॉर्ट आहे. डोंगलचा बायस-टी (केबलमधूनच एलएनएला डीसी पुरवायची सोय) चालू ठेवून तो थेट पॅचला लावू नका.

कनेक्टर ग्राउंडच्या खालून, पिन वरून पॅचच्या भोकातून बाहेर. इथं सोल्डरिंगच रडवतं, कारण एवढा मोठा पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो आणि टाक्याचा नुसता गोळा होऊन बसतो. जमवण्याची रीत अशी: पत्रा जोडायच्या आधीच भोकाभोवती पॉलिश पेपर मारून, फ्लक्स लावून, गॅसवरच्या जुन्या तव्यावर गरम करून भोकाच्या काठाला कथलाचा पातळ थर देऊन घ्या. मग असेंब्ली झाल्यावर गननं फक्त पिन आणि तो थर एकत्र वितळवायचा. टाका चकचकीत आणि पिनकडं चढलेला दिसला पाहिजे. करडा, दाणेदार दिसला तर परत करा, कोरडा टाका उन्हाळ्यात पत्रा फुगला की सुटतो.

## ७. नॅनोव्हीएनएवर ट्यूनिंग

आधी रेंज लावा, १३५० ते १४९०, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन करा, ओपन, शॉर्ट, लोड. उलट क्रमानं केलं तर कॅलिब्रेशनला अर्थ राहत नाही. जी केबल मोजताना वापरणार तिच्याच टोकाला करायचं.

अँटेना मोकळ्या अंगणात, तोंड आकाशाकडं, टिनाच्या शेडपासून दूर. हात जवळ नेला की दरी सरकते, त्यामुळे घासायचं, लांब व्हायचं, वाचायचं. १०३ मिमीच्या पत्र्याला दरी १४२० च्या खाली दिसेल. फीडपासून लांबची कड बारीक कानसीनं घासा. लांबी १ मिमी कमी झाली की फ्रिक्वेन्सी साधारण १४ मेगाहर्ट्झ वर जाते. शेवटच्या मिलिमीटरला दोन-चार हात मारले की थांबून बघा.

उणे १० डीबी म्हणजे १० टक्के पॉवर परत, उणे १५ म्हणजे ३ टक्के. उणे १५ मिळालं की कानस खाली ठेवा. उणे ४० च्या नादी लागलेले लोक आठवडे घालवतात आणि मिळतात ते ३ टक्के.

## ८. एलएनए अँटेनाच्या बुडाशीच

०.१ डीबी लॉस म्हणजे साधारण ७ केल्विनचा गोंगाट, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पॅच आणि एलएनएमध्ये केबल नकोच, कनेक्टरला कनेक्टर. साधी आरजी-५८ घेतली तर या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्ध्या डीबीच्या वर खाते. एलएनएनंतर मात्र कंजूषी चालते, केबल टीव्हीची आरजी-६ लावली तरी ७५ आणि ५० ओहमच्या फरकानं फक्त ४ टक्के पॉवर परत जाते.

चार पॅचचा अॅरे करायचा मोह होईल. अंतर ०.७ तरंगलांबीच्या आसपास ठेवा, पण जोडणीच्या पट्ट्या एफआर-फोरवर छापू नका, ३० सेंमी पट्टीत १ डीबीच्या वर जातो, चार पॅच लावून कमावलेल्यातलं बरंच तिथंच गेलं. त्यापेक्षा गावात जुन्या केबलवाल्याच्या गच्चीवर ८ फुटी जाळीची डिश गंजत पडलेली असते, ती भंगाराच्या भावात मागा. डिशचा एफ बाय डी (फोकसचं अंतर भागिले व्यास) ०.३७ च्या आसपास असतो, तिची कड फोकसवर ठेवलेल्या पॅचवरून ६५-७० अंशावर दिसते आणि एकट्या पॅचचा बीम त्याला चांगला बसतो. २.४ मीटरच्या डिशचा बीम ६ अंशांचा मिळतो.

## ९. गावातला गोंगाट

शहरातल्यापेक्षा गावात शांतता हे अर्धच खरं. मोबाईल टॉवर कमी असतात हे बरोबर, पण रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन दर सेकंदाला ठोका देतं आणि तार कुठं गवताला टेकून ठिणगी पडत असेल तर स्पेक्ट्रमवर आडव्या रेघा मारतं. सोलर पंपाचा कंट्रोलर, स्वस्त एलईडी बल्ब, मोटरचा स्टार्टर हे बाकीचे. डोंगल छोट्या रेडिओसारखा वापरा, केबलला वायरचा तुकडा लावून फिरत जा, कुठं गोंगाट वाढतो ते कळतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून. लोडशेडिंगमध्ये अख्खी आळी अंधारात गेली की स्पेक्ट्रम एकदम साफ होतो, त्या वेळेचा उपयोग करा. शेजारच्या वावरात शेतीची लाईट रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात मोजणी ठेवू नका.

## १०. जमीन-आकाश टेस्ट, मग आकाशगंगा

अँटेना तोंड खाली करून जमिनीकडं धरा, पॉवर लिहा. मग वर आकाशाकडं करा, परत लिहा. जमीन ३१० केल्विन, आकाश १० धरा. फरक ३ डीबी आला तर सिस्टिमचा स्वतःचा गोंगाट २९० केल्विन, ५ डीबी आला तर १३० च्या आसपास. फरक १ डीबीच्या आत असेल तर आकाश बघायला घेऊच नका, टाका, एलएनएचा सप्लाय आणि मधला लॉस आधी तपासा. ही टेस्ट एसअकरापेक्षा खरी बोलते.

हायड्रोजनसाठी दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी ७-८ ला हंस तारकासमूह आपल्या डोक्यावर, जरासा उत्तरेला असतो, तिकडं तोंड करा. डोंगलचा २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पुरतो. १ किमी प्रति सेकंद वेग म्हणजे ४.७ किलोहर्ट्झ सरकणं, आणि आकाशगंगेचा बहुतेक हायड्रोजन १४२०.४ च्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मेगाहर्ट्झमध्ये येतो. ५ किलोहर्ट्झचे खण आणि १० मिनिटांची सरासरी घेतली तर २०० केल्विनच्या सिस्टिमलाही हिशोबानं ०.१ केल्विनच्या आसपासचा फरक दिसायला हवा. फिल्टरचा आकार (त्याच्यामुळे स्पेक्ट्रमवर येणारा चढउतार) वजा करायला आकाशगंगा नसलेली दिशा लागते. एप्रिलात रात्री ११-१२ ला डोक्यावरचं आकाश तसं असतं, इतर वेळी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून शक्य तितकं लांब तोंड करा. तापमान बदललं की फिल्टरचा आकारही थोडा बदलतो, म्हणून दोन्ही मोजण्या एकामागोमाग घ्या.

## ११. इमेजिंग डिटेक्टरकडं वळायचं असेल तर

एका पॅचकडून कॅमेऱ्याकडं जाताना तोच हिशोब दुसऱ्या रूपात येतो. ऑस्ट्रेलियाच्या एएसकेएपी रेडिओ दुर्बिणीमध्ये १२ मीटरच्या ३६ डिश आहेत आणि प्रत्येकीच्या फोकसवर बुद्धिबळाच्या पटासारख्या धातूच्या चौकटींचा चपटा अॅरे, १८८ पोर्टचा, ७०० ते १८०० मेगाहर्ट्झ. म्हणून एका वेळी ३० चौरस अंश आकाश दिसतं.

मिलिमीटर तरंगांत सब्स्ट्रेट (अँटेना ज्यावर बनवतात ती चकती) सिलिकॉनचा, परमिटिव्हिटी ११.७. तिथं अँटेना हवेपेक्षा सिलिकॉनकडंच जास्त रेडिएट करतो आणि जाड चकतीत पॉवर आडवी धावून अडकते. उपाय म्हणून मागे सिलिकॉनचंच भिंग बसवतात, मग लाट बाहेर निघते. नवीन माणसानं दोन आकार शिकावेत, जुळा स्लॉट (धातूत कापलेल्या दोन फटी) आणि स्वपूरक आकार. स्वपूरक म्हणजे धातू आणि मोकळी जागा अदलाबदल केली तरी तोच आकार, त्याचा इम्पिडन्स हवेत ३७७ च्या निम्मा, १८८.५ ओहम, आणि सिलिकॉनवर ७५ च्या जवळ, फ्रिक्वेन्सी कितीही बदला. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या एसपीटी-थ्रीजी कॅमेऱ्यामध्ये भिंगाखाली नागमोडी सिन्युअस अँटेना आहेत, ९५, १५० आणि २२० गिगाहर्ट्झ एकाच पिक्सेलला. तिथल्याच बायसेप-टू दुर्बिणीत पिक्सेलवर भिंग नव्हतं, प्रत्येक पिक्सेलला बारीक स्लॉटांचा अख्खा अॅरे होता. लॉसची लढाई तिथं नायोबियमनं लढतात, ९.२ केल्विनच्या खाली तो सुपरकंडक्टर होतो, पण ७०० गिगाहर्ट्झच्या आसपास त्याची ती ताकद संपते. १५० गिगाहर्ट्झला सिलिकॉनवर अर्ध्या तरंगाचा स्लॉट ०.४ मिमीचा, त्याचा १ टक्का म्हणजे ४ मायक्रॉन, त्यामुळे हे घरी होत नाही. सिम्युलेशन मात्र घरच्याच लॅपटॉपवर होतं, जुळा स्लॉट सिलिकॉनच्या अर्ध्या अवकाशावर टाकून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना किती पॉवर जाते ते स्वतः काढा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं. कॉलेजच्या पोरांसाठी एनसीआरए आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून हिवाळ्यात रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीची शाळा घेतात, त्याचा अर्ज भरताना तुमच्या जमीन-आकाश टेस्टचे आकडे आणि पॅचचा फोटो जोडा.